नव्या अल्बमची पहिली टूर: लेबल-मॅनेजर नसलेल्या रॉक बँडसाठी

अल्बम तयार आहे, मागे लेबल (रेकॉर्ड कंपनी) नाही, मॅनेजर नाही आणि स्वतःच्या शहराबाहेर फारसं वाजवलेलं नाही, अशा चार जणांच्या बँडसाठी हा लेख आहे. उदाहरणाला पुण्याचा बँड घेतला आहे. शहरं चार: पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद. वेळ दोन आठवड्यांची. पहिल्या टूरला एवढं पुष्कळ होतं. दहा शहरांचं पोस्टर दिसायला झकास असतं, पण सोमवार ते बुधवार पब रिकामे असतात. त्या दिवसांचं जेवण आणि खोलीभाडं मात्र चालूच राहतं.

तारखा आधी, पोस्टर शेवटी

अल्बम आणि पहिला शो यांत साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. त्याच दिवशी शो केलात तर समोरच्याला एकही गाणं येत नसतं, आणि दोन महिन्यांनी केलात तर अल्बम शिळा झालेला असतो. तिथून उलटं मोजत या. गाणी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ती स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, प्रकाशनाच्या किमान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी करावं लागतं, आणि एका रिलीजमधलं एकच गाणं सुचवता येतं. ते कोणतं, यावर बँडमधली भांडणं आधीच उरकून घ्या. व्हेन्यूंना (वाजवायच्या जागांना) मेल पहिल्या शोच्या बारा आठवडे आधी जायला हवी, कारण चांगल्या जागांचे शुक्रवार-शनिवार दोन-तीन महिने आधीच भरतात. टी-शर्ट छपाईला तीन आठवडे धरा.

आता कॅलेंडर. नवा बँड इथेच फसतो. पबमध्ये वाजवणार असाल तर ड्राय डे तपासा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळीकडे, महाराष्ट्रात आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीही. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. दारू बंद म्हणजे बहुतेक पब त्या रात्री उघडतच नाहीत, आणि तुमची तारीख परस्पर पुढे ढकलली जाते. गणेशोत्सव आणि नवरात्रात पुण्या-मुंबईत भाड्याचा साउंड मिळत नाही. प्रत्येक स्पीकर आणि प्रत्येक ऑपरेटर मंडळांकडे असतो. डिसेंबरात लग्नं, तेव्हा दर चढलेले. कॉलेजच्या परीक्षांचे आठवडे टाळा. उरतो तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. टूरसाठी तो सर्वांत सोयीचा.

मार्ग

पहिल्या आठवड्यात शुक्रवारी पुणे, शनिवारी मुंबई. अंतर दीडशे किलोमीटर, गाडी एक, मुक्काम नको. घरच्या शोमध्ये ज्या चुका होतील त्या दुसऱ्याच दिवशी मुंबईत सुधारता येतात, म्हणून सुरुवात घरून करा. 'मोठा शो शेवटी पुण्यात' हा मोह आवरा.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी पुण्याहून रेल्वेनं निघा. उद्यान एक्सप्रेसला बेंगळुरूपर्यंत वीसेक तास लागतात. गुरुवारी सकाळी पोहोचून झोप, दुपारी साउंडचेक, रात्री शो. शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेनं हैदराबाद, शनिवारी शो, रविवारी परत. शुक्रवार मोकळा वाया गेल्यासारखा वाटेल, पण गायकाचा घसा त्यावरच टिकतो.

शो संपवून रात्रभर गाडी चालवत पुढचं शहर गाठायचं, हे करू नका. बेंगळुरू-हैदराबाद पावणेसहाशे किलोमीटर आहे. वाजवून दमलेला ड्रमर पहाटे चार वाजता स्टिअरिंगवर नको. गाडीनं जायचंच असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर चालकासकट घ्या आणि निघा सकाळी.

गोवा सगळ्यांच्याच डोक्यात असतं. तिथला श्रोता बराचसा पर्यटक असतो, तिकीट काढून मूळ गाणी ऐकायला येणारा कमी. उघड्यावरची जागा असेल तर शो सातलाच सुरू करायची तयारी ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. नियम देशभर २००० सालापासून एकच असला तरी गोव्यात तक्रारी आणि न्यायालयाचे आदेश यांमुळे तो जास्त काटेकोरपणे पाळला जातो. बंद सभागृहाला ही वेळेची अट नाही. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, हेही जागा ठरवताना पाहा. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव मुंबईतल्या ज्या धोबी तलावच्या रंगभवनात गाजला, तिथले जोरकस कार्यक्रम याच कारणानं बंद पडले.

व्हेन्यूशी सौदा

मेल छोटी ठेवा: बँडबद्दल दोन ओळी, दोन पर्यायी तारखा, त्या शहरात आधी वाजवलं असेल तर किती तिकिटं गेली तो आकडा, आणि एक लाइव्ह व्हिडिओ. व्हिडिओ एका कॅमेऱ्याचा, अख्ख्या गाण्याचा आणि खऱ्या आवाजाचा हवा. सजवलेला म्युझिक व्हिडिओ पाहून बुकिंग करणाऱ्याला काहीच कळत नाही. आठवड्यात उत्तर नाही आलं तर फोन करा.

सौदे तीन प्रकारचे. ठरलेली रक्कम, दारावरच्या तिकीटविक्रीत वाटा (बहुधा बँडला ७० टक्के), किंवा दोन्हींपैकी जे जास्त असेल ते. परगावी नव्या बँडला बहुतेकदा दुसराच प्रकार मिळतो. तेव्हा सही करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: वाटा कशातून? एकूण विक्रीतून की तिकीट कंपनीचं कमिशन, साउंडचा खर्च, जाहिरातीचा खर्च वजा करून उरलेल्यातून? '७० टक्के' या शब्दाला त्याशिवाय अर्थ नाही.

बेंगळुरू-हैदराबाद फेरीचा हिशोब उदाहरणादाखल मांडू. माणसं सहा: चार वादक, साउंड इंजिनिअर, एक मदतनीस. रेल्वे तिन्ही टप्प्यांची २३,४०० रुपये. दोन रात्री, तीन खोल्या, २,५०० रुपये दरानं १५,०००. पाच दिवसांचं जेवणखाण १५,०००. शहरातल्या गाड्या आणि हमाली १०,०००. इंजिनिअरचं मानधन दोन शोचं ८,०००. तारा, बॅटऱ्या वगैरे ३,०००. बेरीज ७४,४००; वर दहा टक्के अडीअडचणीला धरले की ८१,८४०.

आता मिळकत. दीडशेच्या जागेत ९० तिकिटं ४९९ रुपयांनी गेली तर ४४,९१०. तिकीट कंपनीचे दहा टक्के वजा, उरलेल्याचे ७० टक्के म्हणजे साधारण २८,२९० रुपये. दोन शोचे ५६,५८०. तूट सव्वापंचवीस हजार. एका टी-शर्टमागे ४२० रुपये सुटत असतील तर ६१ शर्ट विकावे लागतील, म्हणजे आलेल्या दर तिघांतल्या एकाला. हे होत नाही.

बहुतेक जण इथे वाटा ८० टक्के करून मागतात. त्यानं दोन शोत मिळून ८,००० रुपये वाढतात. त्याऐवजी खोल्या मागा. व्हेन्यूचे जवळच्या हॉटेलशी दर ठरलेले असतात, त्यांना त्या स्वस्तात पडतात, आणि तुमचे मात्र अडीअडचणीच्या रकमेसकट १६,५०० वाचतात. तूट पावणेनऊ हजारांवर येते, म्हणजे दोन शोत २१ शर्ट. हे जमण्यासारखं आहे. मदतनीस घरी ठेवला तर आणखी सोपं, पण मग मर्चच्या (विकायच्या टी-शर्टच्या) टेबलावर कोण बसणार ते ठरवा.

तिकीट ४९९ का? संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशमूल्यावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के. ५४९ लावलेत तर श्रोत्याला तिकीट महाग पडतं आणि वरचा पैसा तुमच्याकडे येत नाही. तिकीट कंपनीचं स्वतःचं शुल्क वेगळं, त्यावर कर लागतोच.

ठरलं की सगळं एका मेलमध्ये लिहून 'मान्य' असं उत्तर मागवा: तारीख, सामान आत नेण्याची वेळ, साउंडचेकची वेळ, सेटची लांबी, पैसे कशातून आणि किती दिवसांत, खोल्या, जेवण, गेस्टलिस्टची (फुकट येणाऱ्यांची) संख्या, मर्चवर व्हेन्यू कमिशन घेणार का, चित्रीकरण कुणाच्या मालकीचं, रद्द झालं तर काय, आणि वयाची अट. बारची जागा असेल तर प्रवेश बहुधा २१ वर्षांपुढचाच असतो. तुमचा श्रोता कॉलेजातला असेल तर ही एक ओळ अर्धं घर रिकामं ठेवू शकते. अशा वेळी दुपारचा, बार बंद ठेवलेला शो मागून पाहा.

परगावी एकट्यानं वाजवू नका. तिथला एखादा बँड आधी घ्या: तो त्याचे तीस-चाळीस लोक आणतो, ड्रम सेट एकच वापरता येतो, आणि तो पुण्यात आला की परतफेड तुमच्याकडे. त्याला पैसे द्या, थोडे का होईना. 'एक्स्पोजर'चा तुम्हालाही तेवढाच राग येतो.

राइडर आणि स्टेज प्लॉट

राइडर म्हणजे मंचावर काय काय हवं याचा व्हेन्यूला पाठवायचा कागद. तो दोन पानांच्या वर नको. पहिल्या पानावर स्टेज प्लॉट: वरून पाहिल्यासारखा आराखडा, कोण कुठे उभा, कुणाला वीज कुठे हवी, मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) कुठे. दुसऱ्या पानावर चॅनेलची यादी, म्हणजे मिक्सरला कुठल्या क्रमांकावर काय जोडायचं ते. चार जणांच्या बँडला ती अशी: १ किक, २ स्नेअर, ३ हाय-हॅट, ४ रॅक टॉम, ५ फ्लोअर टॉम, ६ व ७ ओव्हरहेड (सिंबलच्या वरचे माइक), ८ बेस डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी), ९ व १० गिटार, ११ मुख्य गायक, १२ साथीचा गायक, १३ व १४ लॅपटॉपवरचे ट्रॅक. क्लिक (लय धरायची टिकटिक) वापरत असाल तर तो १५वर, आणि ठळक अक्षरात: 'फक्त ड्रमरच्या कानात'. ही ओळ विसरली की अख्ख्या पबला टिकटिक ऐकू येते.

दीडशेच्या पबमध्ये ३, ६ आणि ७ बहुधा लागत नाहीत. सिंबल नुसत्याच भिंतीपर्यंत पोहोचतात. आठच चॅनेल मिळाले तर काय ठेवायचं तेही खाली लिहा: किक, स्नेअर, बेस, दोन गिटार, दोन आवाज, ट्रॅक मोनोमध्ये.

'गिटार अ‍ॅम्प हवा' एवढं लिहू नका. 'किमान ४० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प, किंवा मॉडेलरसाठी दोन एक्सएलआर' असं लिहा. मॉडेलर म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारी पेटी, एक्सएलआर म्हणजे तिला मिक्सरशी जोडणारी केबल. पहिल्या टूरला अ‍ॅम्पच्या हट्टापेक्षा मॉडेलर बरा. पिशवीत मावतो, दर शहरात तोच आवाज देतो, आणि मंचावरचा गोंगाट कमी झाल्यानं गायक ऐकू येतो. ट्यूबची मजा वेगळी, हे कबूल, पण ती दुसऱ्या टूरला.

काय न्यायचं

ड्रम सेट नेऊ नका. ड्रमरनं स्नेअर, सिंबल, किक पेडल आणि जमलं तर बसायचं स्टूल न्यावं. सोबत दोन मीटर चौरस जाड सतरंजी: गुळगुळीत मंचावर किक ड्रम तिसऱ्या गाण्यापर्यंत फूटभर पुढे सरकलेला असतो. काठ्यांच्या सहा जोड्या, ड्रमची किल्ली, स्नेअरच्या तारांची जादा दोरी. प्रत्येक गिटारवादकाकडे तारांचे दोन जादा संच, आणि बेसच्या तारांचा एक, कारण त्या रात्री नऊ वाजता कुठेच मिळत नाहीत. केबल लागतात त्याहून दोन जास्त. गॅफर टेपचा रोल, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, फ्यूज, मल्टिमीटर, दहा मीटरचे दोन एक्स्टेन्शन बोर्ड. त्यांतला एक हटकून कुणीतरी पळवतो. नाव रंगवून ठेवा.

रेल्वेत थ्री टायर एसीला माणशी ४० किलो मोफत सामान नेता येतं, सहा जणांचे २४० किलो. विमानात देशांतर्गत साधारण १५ किलो चेक-इन, म्हणजे कठीण केसमधली गिटार आणि चार कपडे. विमानानं गेलात तर गिटारच्या तारा थोड्या सैल करा, केसमधली हेडस्टॉकखालची (खुंट्यांच्या टोकाखालची) पोकळी कपड्यानं भरा, कारण मान तिथेच मोडते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच. हैदराबादच्या कोरड्या हिवाळी हवेत मुंबईच्या दमटपणातून आलेल्या गिटारची मान हलते. केस उघडून अर्धा तास गिटार तशीच ठेवा, मगच सूर लावा. तरी तार फ्रेटवर आपटत असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त फिरवू नका.

वीज: वाजवण्याआधी दोन मिनिटं

मल्टिमीटर नेण्याचं कारण हे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. पाचच्या वर असेल तर व्हेन्यूच्या वायरमनला बोलवा आणि तोवर काही जोडू नका. गिटारच्या तारांना हात आणि ओठ मायक्रोफोनला, या स्थितीत अर्थिंग बिघडलेलं असेल तर झटका थेट शरीरातून जातो. आधी माइकच्या जाळीपासून गिटारच्या तारेपर्यंत व्होल्टेज मोजा. शून्याच्या जवळ नसेल तर गाऊ नका. गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग प्रत्येक शहरात भेटतात. तसं करू देऊ नका. गुणगुण डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणानं घालवा. गिटारचे पेडल, अ‍ॅम्प आणि लॅपटॉप एकाच सर्किटवर ठेवले तर ती बहुतेकदा येतच नाही. जनरेटर असेल तर लॅपटॉप आणि डिजिटल मिक्सर यूपीएसवर हवेत, कारण जनरेटर बदलताना काही सेकंद वीज जाते आणि मिक्सर पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर घेतो.

साउंडचेक

ठरलेल्या वेळेआधी दीड तास पोहोचा. क्रम: किक, स्नेअर, टॉम, मग सगळा सेट एकत्र, बेस, गिटार, ट्रॅक, आवाज. एकाचं चालू असताना बाकीच्यांनी नूडलिंग (उगाच वाजवत बसणं) बंद ठेवायचं. अर्धा वेळ त्यातच जातो. गायकानं 'हॅलो, चेक' म्हणू नये, शो मध्ये गातो तेवढ्याच जोरात गावं. मग मॉनिटर: प्रत्येकानं आपल्याला काय *हवं* ते दोनच गोष्टींत सांगायचं. शेवटी अल्बममधलं सर्वांत दणदणीत गाणं आणि सर्वांत हळू गाणं अर्धं अर्धं. अख्खी गाणी वाजवत बसू नका.

स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) येत असेल तर आधी मॉनिटर कमी करा, माइकची पाठ मॉनिटरकडे वळवा, गायकाला माइकची जाळी मुठीत धरू नको म्हणून सांगा; इक्वलायझर नंतर. रिकाम्या खोलीत बेस घुमतो, माणसं भरली की बसतो. म्हणून इंजिनिअरनं साउंडचेकला बेस कापून टाकला तर शोच्या वेळी परत थोडा वाढवायला सांगा.

कानात प्लग घाला. १०० डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांची असते, आणि ड्रमच्या शेजारी तेवढा आवाज सहज असतो.

सेट

साठ ते सत्तर मिनिटं. अल्बम ओळीनं वाजवायची हौस पहिल्या टूरला नको. लोकांना ठाऊक असलेली दोन जुनी गाणी दुसऱ्या आणि शेवटून दुसऱ्या जागी ठेवा, मधे नवीन. एकाच ट्युनिंगची गाणी लागोपाठ लावा. ड्रॉप डी (सर्वांत जाड तार डी सुरावर उतरवलेली) मधून परत येताना होणारी चाळीस सेकंदांची शांतता श्रोत्याला बारकडे पाठवते. सेटलिस्टवर गाण्याच्या नावापुढे ट्युनिंग, वेग आणि सुरुवात कोण करतो ते लिहा. बोलायचं कुठे तेही तिथेच. 'अल्बम आलाय, टी-शर्ट मागे आहेत' हे सेटच्या मध्यावर सांगा, शेवटी सांगितलं तर अर्धे लोक कॅब शोधत असतात.

मर्चचं टेबल दाराजवळ, उजेडात. साइजमध्ये एल आणि एम सर्वांत जास्त, मग एक्सएल, एस थोडे. यूपीआयचा क्यूआर कोड मोठा छापा आणि सोबत आवाज देणारा बॉक्स ठेवा, कारण गोंगाटात 'पैसे गेले, दाखवू का?' हे तपासत बसता येत नाही. तळघरातल्या पबमध्ये नेटवर्क नसतं. वाय-फायचा पासवर्ड आधीच मागून घ्या. वाजवून झालं की सामान बांधायला दोघांनी जा, बाकी दोघांनी घाम पुसून थेट टेबलापाशी उभं राहा. विक्री शो संपल्यावरच्या वीस मिनिटांत होते.

त्याच रात्रीचा आणि नंतरचा हिशोब

निघण्याआधी तिकिटांचा अहवाल मागा: ऑनलाइन किती, दारावर किती, गेस्टलिस्ट किती. आपला एक माणूस दारावर मोजत असेल तर आकडा जुळवता येतो. फरक असेल तर तिथेच बोला, मॅनेजरकडून कागदावर सही घ्या, फोटो काढा. दारावरची रोकड त्याच रात्री मिळते, ऑनलाइनचा पैसा काही दिवसांनी. म्हणून दुसऱ्या शहराची तिकिटं पहिल्या शहराच्या पैशावर अवलंबून ठेवू नका.

बिल ज्याच्या नावानं द्याल त्याच्याच पॅनवर मानधनातून कापलेला १० टक्के टीडीएस जमा व्हायला हवा. तो एकाच सदस्याच्या नावावर पडत असेल तर विवरणपत्रानंतरचा परतावा कसा वाटायचा ते आधी लिहून ठेवा. गाणी तुमचीच आहेत आणि गीतकार-संगीतकार आयपीआरएसचे (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सदस्य आहेत, तर प्रत्येक शोची सेटलिस्ट तारीख आणि जागेसह त्यांच्याकडे नोंदवा. व्हेन्यूनं परवान्यापोटी भरलेल्या पैशातला वाटा त्याशिवाय तुमच्यापर्यंत येत नाही. सदस्यत्वाचा अर्ज आणि गाण्यांची नोंदणी टूरआधीच उरकलेली हवी. त्यात कुणाच्या नावावर किती टक्के, याचा कागद चौघांच्या सहीनं अल्बम येण्यापूर्वी करा.